डब्यावरची चिठ्ठी: फ्रंट-एंडचं बिल्ड सर्व्हरच्या पानात कसं बसवायचं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. कोडमधली नावं जशी उच्चारली तशी दिली आहेत.)

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण स्क्रीन बघायची गरज नाही. कोड दाखवणार नाहीये, नुसतं बोलणार आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. ‘माझी साइट जँगोत आहे, किंवा लाराव्हेलमध्ये, किंवा रेल्समध्ये. पानं सर्व्हरच तयार करतो. आता त्यातल्या एकाच पानावर रिअ‍ॅक्ट हवंय. बिल्ड केलं, डिस्ट नावाचं फोल्डर आलं, आत विचित्र नावांच्या फाइली. आता या ठेवू कुठे आणि पानाला सांगू कसं?’

प्रश्न साधा वाटतो. पण याचं उत्तर चुकलं की तुमच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं आणि लोकांच्या फोनवर कोरं पांढरं पान येतं. म्हणून आज एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊया.

समजा, एका कॉलेजचं प्रवेश अर्जाचं पोर्टल आहे. लॉगिन, सूचना, गुणवत्ता यादी, फीची पावती ही सगळी पानं जँगो तयार करून पाठवतं. अर्जाचा एकच टप्पा मात्र रिअ‍ॅक्टमध्ये आहे: विषय निवडा, फोटो कापून बसवा, मार्कशीट अपलोड करा. आज अर्जाची शेवटची तारीख आहे. तालुक्याच्या गावातली एक मुलगी भावाचा फोन घेऊन अर्ज भरतेय. नेटवर्क कधी दोन दांड्या, कधी शून्य. आपण जे काही ठरवू ते तिच्या फोनवर चाललं पाहिजे.

‘मग सगळंच रिअ‍ॅक्टमध्ये का नाही करत?’ असं कुणीतरी म्हणेलच. गरज नाही म्हणून. गुणवत्ता यादीचं पान सर्व्हरकडून तयार आलं की स्वस्त फोनवरही लगेच दिसतं, प्रिंट काढता येते, आणि लॉगिनची सोय जँगोत आधीपासून आहेच. जँगो २००५ मध्ये लोकांसमोर आलं, तेही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या ऑफिसातून. पटापट पानं तयार करून देणं हेच त्याचं मूळ काम. त्याला ते करू द्या.

बिल्ड म्हणजे दळण

बिल्ड म्हणजे काय, ते आधी. गिरणीत दळण टाकतो ना आपण, तसंच. तुम्ही लिहिलेला कोड म्हणजे ज्वारी. ती ब्राउझरला तशीच देत नाहीत. गिरणीतून काढायची, मग पीठ मिळतं: थोड्या फाइली, आटोपशीर, ब्राउझरला पचतील अशा.

आपली गिरणी आज वीट. स्पेलिंग बघून बरेच जण ‘व्हाइट’ म्हणतात, पण तो फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘झटपट’, आणि उच्चार थेट आपल्या विटेसारखा. व्ह्यू बनवणाऱ्या इव्हान यू यांनी ते २०२० मध्ये आणलं. लाराव्हेलनं २०२२ मध्ये आपलं जुनं मिक्स बाजूला ठेवून हेच घेतलं. तुम्ही वेबपॅक वापरत असाल तरी पुढचा विचार तोच राहतो.

आता पिठाच्या डब्यावर वीट एक चिठ्ठी लावतं. तुमची फाइल होती मेन डॉट जेएस. बाहेर येते ती मेन, मग डॅश, मग आठ अक्षरांचा गोंधळ, मग डॉट जेएस. त्या आठ अक्षरांना हॅश म्हणायचं. तो फाइलच्या मजकुरावरून काढलेला असतो. मजकूर तोच तर हॅश तोच. एक अक्षर बदललं की हॅश बदलला, म्हणजे फाइलचं नावच बदललं.

हे कशासाठी? त्या मुलीच्या डेटा पॅकसाठी! नावातच मजकुराची ओळख असल्यामुळे सर्व्हर ब्राउझरला बिनधास्त सांगू शकतो, ‘ही फाइल वर्षभर जपून ठेव, परत विचारूही नकोस.’ कॅशे-कंट्रोल नावाच्या हेडरमध्ये तसं लिहायचं: मॅक्स-एज ३१५३६०००, आणि पुढे इम्यूटेबल. तेवढे सेकंद म्हणजे बरोबर ३६५ दिवस. सकाळी एकदा फाइल उतरली की संध्याकाळी तिला पुन्हा डेटा खर्च करायला नको.

एचटीएमएल पानाचं मात्र उलटं. त्यावर नो-कॅशे लिहायचं. नावावरून गैरसमज होतो. नो-कॅशे म्हणजे ‘साठवू नकोस’ असं नाही. ‘साठव, पण वापरायच्या आधी दरवेळी मला विचार’ असा त्याचा अर्थ. फाइली वर्षभर जपायच्या आणि पान दरवेळी विचारून घ्यायचं, ही जोडी डोक्यात पक्की ठेवा.

नाव हातानं लिहू नका

आता अडचण. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये स्क्रिप्टचं नाव लिहायचंय, आणि ते तर दर बिल्डला बदलू शकतं. इथे लोक दोन पळवाटा काढतात.

पहिली: डिस्ट फोल्डर उघडायचं, नाव कॉपी करायचं, टेम्प्लेटमध्ये चिकटवायचं. पुढच्या वेळी कुणीतरी विसरतंच, आणि पान अशा फाइलचं नाव घेतं जी आता अस्तित्वातच नाही.

दुसरी: वीटला सांगायचं, हॅश नको, नुसतं मेन डॉट जेएस दे. ही जास्त फसवी, कारण पहिले काही दिवस ती चालते. मग नवीन बिल्ड जातं. कुणाच्या फोनमध्ये जुनं मेन साठवलेलं असतं आणि त्याच्या जोडीला नवीन सीएसएस येतं. अर्धं कालचं, अर्धं आजचं. बटण दिसतं पण दाबलं की काही होत नाही. तुम्हाला फोन येतो, तुम्ही तुमच्याकडे उघडून बघता, सगळं नीट! मग आपण म्हणतो, ‘कॅशे क्लिअर करा.’ गावातल्या त्या मुलीनं कॅशे क्लिअर करायचा का? ते काम तिचं नाही, आपलं आहे.

सरळ रस्ता म्हणजे मॅनिफेस्ट. गिरणीवाल्याची वही समजा. वीटच्या सेटिंगमध्ये बिल्डखाली मॅनिफेस्ट ट्रू करायचं, आणि इनपुट म्हणून आपली मेन फाइल द्यायची. इनपुट का? कारण एरवी वीट इंडेक्स डॉट एचटीएमएल शोधतं, आणि आपल्याकडे एचटीएमएल तर जँगो बनवतंय.

बिल्ड झालं की एक जेसन फाइल मिळते. तिच्यात डावीकडे तुमच्या मूळ फाइलचं नाव आणि उजवीकडे तिची माहिती: तयार फाइलचं खरं नाव, तिच्यासोबत लागणाऱ्या सीएसएस फाइली, आणि ती आणखी कोणते तुकडे मागवते. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये आपण म्हणायचं, ‘मला मेन हवंय.’ मागे एक छोटा टॅग वही उघडून खरं नाव काढून देतो. जँगोसाठी जँगो-वीट नावाची तयार लायब्ररी आहे, रेल्ससाठी वीट-रुबी आहे, आणि लाराव्हेलमध्ये अ‍ॅट-वीट म्हणून सोय आतच आहे. स्वतः लिहायचं म्हटलं तरी फार मोठं काम नाही.

स्वतः लिहिणार असाल तर एक गोष्ट विसरू नका: सीएसएस. मेनची सीएसएस मेनच्या नोंदीत असते, पण मेन जे तुकडे मागवतं त्यांची सीएसएस त्या तुकड्यांच्या नोंदीत असते. म्हणजे एका नोंदीवर थांबायचं नाही, तिच्या इम्पोर्टमागे जात जात सगळ्या लिंक गोळा करायच्या. मजा अशी की डेव्हलपमेंटमध्ये हे विसरलं तरी कळत नाही, कारण तिथे सीएसएस जावास्क्रिप्टमधूनच पानात घुसवली जाते. प्रॉडक्शनवर गेलात की पान उघडं पडतं, अक्षरशः.

आणि स्क्रिप्टच्या टॅगवर टाइप इज इक्वल टू मॉड्यूल लिहायला विसरू नका. नाहीतर ब्राउझर पहिल्या इम्पोर्टपाशीच अडून बसतो.

लॅपटॉपवर वेगळं, सर्व्हरवर वेगळं

काम करताना आपण दरवेळी दळण आणत नाही. तेव्हा वीटचा डेव्ह सर्व्हर चालू असतो, बहुधा ५१७३ पोर्टवर, आणि जँगो त्याच्या शेजारी ८००० वर. पान जँगो देतं, पण पानातले स्क्रिप्ट टॅग ५१७३ कडे बोट दाखवतात. एक टॅग वीटच्या क्लायंटचा, म्हणजे तुम्ही फाइल सेव्ह केली की पान आपोआप बदलतं ते त्याच्यामुळे. दुसरा तुमच्या मूळ फाइलचा. रिअ‍ॅक्ट असेल तर त्याआधी रिफ्रेशचा एक छोटा तुकडा लागतो, तो लायब्ररी टाकून देते. दोन पोर्ट म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीनं दोन वेगळी ठिकाणं, म्हणून वीटच्या सेटिंगमध्ये जँगोच्या पत्त्याला परवानगी द्यावी लागते.

फोनवर तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. लॅपटॉपवरचं पान त्याच वायफायवरून फोनमध्ये उघडलंत आणि टॅगमध्ये लोकलहोस्ट लिहिलेलं असेल, तर काही येणार नाही. फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतः. वीट होस्ट पर्याय देऊन चालू करा आणि टॅगमध्ये लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता येऊ द्या.

मग डेव्ह आणि प्रॉडक्शन ओळखायचं कसं? लाराव्हेलची पद्धत गमतीशीर आहे. डेव्ह सर्व्हर सुरू झाला की पब्लिक फोल्डरमध्ये हॉट नावाची फाइल पडते, आणि ती दिसली की लाराव्हेल डेव्ह सर्व्हरकडे वळतं. ही फाइल चुकून प्रॉडक्शनवर गेली की साऱ्या जगाचे फोन स्वतःच्याच लोकलहोस्टवर तुमचा कोड शोधत बसतात! ती गिट-इग्नोरमध्ये असू द्या. जँगोत हे सेटिंगमधल्या एका खुणेवरून ठरतं. ती खूण स्पष्ट लिहा, अंदाजावर सोडू नका.

जँगोवाल्यांसाठी तीन खड्डे

पहिला खड्डा: बेस. तुमच्या फाइली स्लॅश-स्टॅटिक-स्लॅशखाली मिळणार असतील तर वीटच्या बेसमध्ये तेच लिहा. नाहीतर मुख्य फाइल येते, पण सीएसएसमधली चित्रं आणि मागाहून लागणाऱ्या सीएसएसचे पत्ते साइटच्या मुळापासून शोधले जातात आणि ४०४ मिळतो.

दुसरा खड्डा ऐकून तुम्ही कपाळावर हात माराल. वीट ५ पासून मॅनिफेस्ट एका फोल्डरमध्ये ठेवलं जातं, त्याचं नाव डॉट-वीट. नावाची सुरुवात टिंबानं. आणि जँगोची कलेक्टस्टॅटिक आज्ञा टिंबानं सुरू होणारं काहीही मुळातच उचलत नाही! म्हणजे पीठ पोचलं, वही गिरणीतच राहिली. सर्व्हर म्हणतो, मॅनिफेस्ट सापडत नाही. उपाय सोपा: सेटिंगमध्ये ट्रूच्या ऐवजी मॅनिफेस्ट डॉट जेसन असं नाव द्या, म्हणजे ते टिंबाच्या फोल्डरबाहेर येतं. किंवा जँगोला थेट बिल्डच्या फोल्डरमधलं मॅनिफेस्ट वाचायला सांगा.

तिसरा खड्डा: दोनदा चिठ्ठी. जँगोकडे स्वतःची हॅश लावायची सोय आहे, मॅनिफेस्ट-स्टॅटिक-फाइल्स-स्टोरेज नावाची, १.७ आवृत्तीपासून. वीटनं हॅश लावलेल्या फाइलला जँगोनं पुन्हा हॅश लावला की एकाच फाइलची दोन नावं होतात. पानानं मेन मागवलं जँगोच्या नावानं. मग एखाद्या तुकड्यानं तेच मेन मागवलं वीटच्या नावानं. ब्राउझरच्या लेखी हे दोन वेगळे मॉड्यूल. मेन दोनदा चालतं, रिअ‍ॅक्ट दोनदा बसतं, आणि तुम्ही रात्रभर शोधत राहता की क्लिक दोनदा का होतंय. नियम ठेवा: एका फाइलला नाव एकानंच द्यायचं. वीटच्या फोल्डरला जँगोच्या हॅशमधून वगळा. अ‍ॅडमिनच्या फाइली वगैरे बाकीच्यांना जँगो खुशाल हॅश लावू दे.

डिप्लॉयच्या त्या पाच मिनिटांत

आता मुद्द्याचं बोलूया. त्या मुलीकडे परत.

तिनं संध्याकाळी सहाला पान उघडलं. पानासोबत मेनही आलं. फोटो कापायचा तुकडा मोठा आहे म्हणून तो वेगळा ठेवलाय, ती त्या पायरीला पोचल्यावरच उतरतो. चांगलीच पद्धत आहे. सव्वासहाला आपण एक छोटी दुरुस्ती डिप्लॉय केली. साडेसहाला ती फोटोच्या पायरीवर पोचली. तिच्या फोनमधलं जुनं मेन जुन्या नावाचा तुकडा मागतंय. आपण तर जुनं फोल्डर पुसून नवीन ठेवलं. ४०४. फोटोचं बटण मेलं.

तिची यात काही चूक आहे? आपण सहा वाजता तिला जे पान दिलं, त्यात आपणच त्या नावांचा शब्द दिला होता. नवीन बिल्ड आलं म्हणून तो शब्द संपत नाही.

म्हणून जुन्या फाइली लगेच पुसायच्या नाहीत. नावं वेगळी असल्यामुळे जुनं आणि नवं एकाच फोल्डरमध्ये सुखानं नांदतं. माझ्या मते निदान आठवडाभर तरी ठेवा. तुमची पानं सीडीएनवर साठवली जात असतील तर ती जितका वेळ साठतात त्याहून नक्की जास्त.

आणि क्रम पाळा. आधी नवीन फाइली पोचवा, जुन्यांच्या शेजारी. मग नवीन मॅनिफेस्ट. मग जँगोच्या प्रोसेस रीस्टार्ट करा, कारण मॅनिफेस्ट सहसा सुरुवातीला एकदाच वाचलं जातं. उलटं केलंत, आधी पान आणि मग फाइली, तर मधल्या मिनिटांत येणाऱ्या प्रत्येकाला कोरं पान. दोन सर्व्हर असतील तर जास्तच जपा: पान नव्या सर्व्हरनं दिलं आणि फाइलची विनंती जुन्याकडे गेली की ४०४. दोन्हीकडे फाइली पोचल्याशिवाय कुठलंच पान बदलू नका.

दोन सवयी इथे घात करतात. एक, थेट सर्व्हरवर बिल्ड करणं. वीट बिल्डच्या सुरुवातीला आपलं आउटपुट फोल्डर रिकामं करतं, म्हणजे चालू साइटच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं. बिल्ड दुसरीकडे करा, तयार माल आणून ठेवा. दोन, डॉकर. कलेक्टस्टॅटिक एरवी जुन्या फाइली पुसत नाही, क्लिअर पर्याय दिला तरच पुसतं. पण डॉकरची प्रत्येक नवीन इमेज कोरी असते, त्यात मागच्या बिल्डच्या फाइली नसतातच. तिथे फाइली कंटेनरबाहेर, सामायिक स्टोरेजवर किंवा सीडीएनवर ठेवाव्या लागतात.

एवढं करूनही कधी तुकडा मिळणार नाही. कुणी तीन आठवडे टॅब उघडा ठेवेल, किंवा घाटात नेटवर्क जाईल. त्यासाठी वीट एक इव्हेंट देतं, वीट-कोलन-प्रीलोड-एरर. बरेच जण त्यात सरळ ‘पान रीलोड कर’ लिहितात. बातम्यांच्या पानाला ठीक आहे. पण अर्जाच्या पानावर रीलोड म्हणजे तिनं अर्धा तास भरलेलं सगळं पाण्यात. आधी मसुदा सर्व्हरवर जतन करा, प्रत्येक पायरीला. मग तिला सांगा, ‘नवीन आवृत्ती आली आहे, तुमची माहिती जतन झाली आहे, पुन्हा उघडा,’ आणि बटण तिच्या हातात द्या.

आणि आपण सर्व्हरवर पान बनवतोय याचा खरा फायदा इथे घ्या. फोटो कापायचं यंत्र नाही आलं, तरी खाली साधा फाइल निवडायचा इनपुट आणि सबमिट बटण एचटीएमएलमध्ये आधीपासून असू द्या. रिअ‍ॅक्ट आलं तर ते त्याची जागा घेईल. नाही आलं तर फोटो जरा वाकडा जाईल, पण अर्ज जाईल. शेवटच्या तारखेला तेवढंच महत्त्वाचं असतं.

जाता जाता

सर्व्हरकडून रिअ‍ॅक्टला माहिती द्यायची असेल, म्हणजे नाव, विषयांची यादी वगैरे, तर ती स्क्रिप्टमध्ये हातानं चिकटवू नका. कुणी आपल्या नावात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग लिहिला तर पानात घुसता येतं. जँगोत जेसन-स्क्रिप्ट नावाचा फिल्टर आहे, २.१ पासून. तो वापरा.

आणि पुढच्या डिप्लॉयला एक प्रयोग करा. आधी फोनवर पान उघडा, अर्धा फॉर्म भरा, तसाच ठेवा. मग डिप्लॉय करा. रीलोड न करता तोच फॉर्म पुढे भरा. शेवटपर्यंत गेला तर तुमचं बिल्ड नीट बसलंय. अडला तर कुठे अडला ते नेटवर्क टॅबमध्ये बघा. ४०४ असेल तर जुनी फाइल पुसली गेलीय. आणि जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आलं अशी तक्रार असेल, तर तुमचा सर्व्हर न सापडलेल्या फाइलसाठी ४०४ देण्याऐवजी होमपेज देतोय. तेही दुरुस्त करा.

एवढंच आजच्यासाठी. प्रयोग केलात तर काय झालं ते जरूर कळवा, फसला असेल तर आधी कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि फोन चार्ज करून ठेवा!